दोन बोटं अलीकडे

मी कपाट आहे. पुस्तकांचं नव्हे बरं का. पुस्तकं आतल्या कोठारात असतात आणि तिकडे वाचकांना मज्जाव आहे. मी बाहेरच्या मोठ्या दालनात, भिंतीला पाठ लावून उभा. कोणतं पुस्तक आत कुठे ठेवलंय एवढंच सांगणारं, वाचनालयाचं कार्डांचं कपाट.

पुढून पाहिलंत तर नुसते खणच खण. प्रत्येकाला एक पितळी कडी आणि कडीच्या वर एकेक अक्षर. आपल्या विषयाचा खण ओढायचा, कार्डं चाळायची, हवं ते कार्ड मिळालं की त्यावरचा नंबर चिठ्ठीवर उतरवायचा आणि चिठ्ठी खिडकीत द्यायची. आतून पुस्तक येतं. काम पोरखेळाचं आहे. पण या पोरखेळात भली भली माणसं कशी घामाघूम होतात, ते मी वर्षानुवर्षं पाहत आलोय.

मला घडवलं एका तिरसट सुताराने आणि त्याच्या मेव्हण्याने. दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. त्यामुळे माझी डावी बाजू उजवीपेक्षा किंचित उंच आहे, आणि त्याचं खापर दोघं शेवटपर्यंत एकमेकांच्या डोक्यावर फोडत राहिले. खण हलके सरकावेत म्हणून सुताराने त्यांच्या तळाला मेणबत्ती घासली. ओढताना खण भसकन बाहेर येऊ नये म्हणून प्रत्येकाच्या मागे एक खुंटी ठोकायची होती. ‘ह’च्या खणामागची खुंटी मेव्हणा विसरला. सुतार त्याला एवढंच म्हणाला, “तुझ्या डोक्यातलीही एक अशीच राहून गेलीय.” खुंटी काही नंतरही कुणी ठोकली नाही.

माणूस मला त्याच्या बोटांवरून कळतो. ज्याला काय हवंय ते नीट ठाऊक असतं, त्याची बोटं सरळ येतात, कार्ड उचलून धरतात आणि जातात. अशी माणसं थोडी. बाकीचे एक खण उघडतात, चार कार्डं पुढे जातात, दोन मागे येतात, खण बंद करतात. मग दुसरा खण. मग पुन्हा पहिलाच. हरवलेली किल्ली माणूस एकाच खिशात चार वेळा शोधतो ना, तसं. फरक इतकाच, की हरवलीय ती किल्लीच की आणखी काही, हेही यांना माहीत नसतं.

पूर्वी अशा लोकांना एक आधार होता. माझ्याशेजारी टेबल टाकून ग्रंथपालबाई बसायच्या. हातात विणकाम, पण लक्ष सगळं वाचकांच्या पाठींकडे. एखाद्याने तोच खण तिसऱ्यांदा उघडला की बाई सुया खाली ठेवून उठायच्या आणि म्हणायच्या, “पुस्तकाचं राहू द्या. आधी झालंय काय ते सांगा.”

एकदा एक पोक्त गृहस्थ पत्रलेखनाची कार्डं उलटसुलट करत होते. बाईंनी विचारलं, “कुणाला लिहायचंय?”

“भावाला.”

“बोलणं बंद आहे?”

“पुष्कळ दिवस झाले. सुरुवात कशी करावी ते कुठे लिहिलेलं असेल का?”

“असल्या सुरुवातीचा नमुना नसतो हो. ‘रविवारी जेवायला ये’ एवढंच लिहा. पुढचं जेवताना होईल.”

ते पुस्तक न घेताच गेले. बाईंच्या काळात असे पुष्कळ जण पुस्तक न घेताच जायचे, आणि वर्षाअखेरीस वरून विचारणा व्हायची, की वाचनालयातून पुस्तकं इतकी कमी का जातात. बाईंकडे त्याचं उत्तर होतं, पण ते उत्तर मांडायला वरच्यांच्या तक्त्यात रकाना नव्हता.

बाई निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेल्या आणि त्यांच्या जागी साहेब आले. साहेब वाईट होते असं मी म्हणणार नाही. माणूस टापटिपीचा, कामाला वाघ. त्यांचं म्हणणं, वाचकाला काय वाचायचंय ही त्याची खासगी बाब. ती आपण का उकरायची? झालं. बाईंचं टेबल हललं, खिडकी बसली, भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी लागली. चिठ्ठीत लिहिलं असेल तेच पुस्तक द्यायचं, जास्तीचं बोलायचं नाही, असा शिरस्ता पडला. खिडकीत जो कारकून बसायचा त्याला सगळे चिठ्ठीवाला म्हणायचे. दालन इतकं शांत झालं, की माझ्या खणाची मेणावरची सरसरसुद्धा लोकांना खटकू लागली.

या शांततेत एक दिवस रंगारी आला.

घरांच्या भिंती रंगवणारा माणूस. कामाच्या कपड्यांवरच आला होता, नखांच्या कडेला निळा रंग. त्याच्या बोटाला धरून त्याची चार वर्षांची मुलगी. घरात आजीने तिचं लाडाचं नाव ठकी ठेवलं होतं. ठकी म्हणजे लाकडी बाहुली, तेव्हा नात्याने ती माझी भाचीच लागायची.

रंगाऱ्याने पहिल्यांदा ‘व’चा खण उघडला. वळण. या शब्दाखाली माझ्याकडे एकच कार्ड होतं आणि ते डोंगरातल्या रस्त्यांच्या बांधणीचं होतं. बिचाऱ्याने ते दोनदा वाचलं. मग ‘श’ उघडून शिस्त पाहिली. ती निघाली सैन्यातली. त्याची बोटं खणाच्या काठावर थांबून राहिली. तो घेऊन आलेला शब्द त्याचा नव्हताच मुळी. बालवाडीच्या शिक्षिकेने त्याला बोलावून सांगितलं होतं, “तुमची मुलगी कुणाचं ऐकत नाही. आधी घरी वळण लावा, नाहीतर पुढच्या वर्षी आम्ही तिला ठेवून घेणार नाही.” ते ‘वळण’ तो जसंच्या तसं उचलून माझ्याकडे आला होता. माणसं असंच करतात. दुसऱ्याची तक्रार आपला प्रश्न म्हणून घेऊन येतात आणि तिचंच उत्तर शोधत बसतात.

शेवटी ‘ह’मध्ये त्याला ‘हट्ट – मुलांचा’ सापडलं. नंबर उतरवून तो खिडकीकडे गेला.

इकडे ठकी माझ्याशी खेळत होती. तिने माझ्या कुशीला गाल टेकवला होता आणि बापाने खण लावला तसं तिच्या सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरलं होतं. मग दुसऱ्या एका वाचकाने खण ओढला, पुन्हा हसली. आजवर मला धूळ पुसायला सोडून कुणी मायेने हात लावला नव्हता. मी भाळलो तिच्यावर. खरं सांगतो, त्या दिवशी मला वाटलं, हिला माझी बोली कळते.

पुढच्या खेपेला रंगारी पुस्तक परत करायला आणि दुसरं शोधायला आला. ठकी दालनाच्या मध्यावर उभी राहून झरोक्यातून येणाऱ्या उन्हातली धूळ पकडत होती. रंगाऱ्याने ‘ह’चा खण पुन्हा ओढला, या वेळी जरा जोरात. आणि मेव्हण्याची खुंटी नडली. खण सगळाच्या सगळा बाहेर आला आणि दगडी फरशीवर आदळला.

धडाम! वाचत बसलेले सगळे टुणकन उडाले. एका म्हाताऱ्याचा चष्मा नाकावरून मांडीवर आला. चिठ्ठीवाला खिडकीतून अर्धा बाहेर डोकावला. रंगारी वरमून खाली वाकला आणि कार्डं गोळा करू लागला.

ठकी धूळ पकडत होती. मान वळली नाही, पापणी हलली नाही, उघडलेली मूठ तशीच संथपणे मिटली.

मी सुन्न झालो. लाकडाला घाम फुटत नाही म्हणून, नाहीतर फुटला असता. तिला माझी बोली कळत नव्हती. ती गालाने माझी थरथर वेचत होती. आणि ज्याला हे कळायला हवं तो माणूस माझ्या पायाशी बसून, खाली मान घालून, ‘हट्ट’ आणि ‘हळद’ वेगळी करत होता.

बाकीच्यांनी पाहिलं होतं की. पण पाहून काय म्हणाले? चष्मा सावरत म्हातारा म्हणाला, “पोर किती शांत हो. आम्ही दचकलो, ती नाही.” चिठ्ठीवाला मनाने चांगला होता. शिरस्ता मोडून हळूच बोलला, “अशी पोरं हल्ली बघायला मिळत नाहीत. किती गुणाची आहे.”

“इथेच गुणाची,” रंगारी म्हणाला. “घरी या बघायला. हाका मारून मारून आमचा घसा सुकतो, वळून बघेल तर शपथ. बायको म्हणते, कान दाखवून आणू. पण कानांना काही झालेलं नाही. मी स्वतः करून बघितलंय. मागून दार आपटलं की लगेच वळते. मग हाकेलाच का वळत नाही?”

“मनात नसेल,” चिठ्ठीवाला म्हणाला.

“तेच ना. इथे बघा कशी बसते. म्हणजे मनात आणलं की जमतं. हट्ट आहे सगळा.”

तुमच्या लक्षात आलं का काय झालं ते? सगळ्या गावात एक जागा अशी, जिथे न बोलणं आणि न वळणं याला शहाणपण म्हणतात. नेमकं तिथेच तो तिला घेऊन आला होता, आणि तिथलं तिचं वागणं पाहून त्याचा संशय पक्का होत होता. आमच्या शांततेने तिचं दुखणं झाकलं. मी ओरडून सांगायला हवं होतं. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कपाटाला कसला आवाज.

त्यानंतर तो ‘ब’च्या खणावर आला. बालसंगोपन. आता जरा नीट ऐका, कारण माझा सगळा जीव इथे अडकलाय. माझ्यात कार्डं अक्षरांच्या क्रमाने लागतात. ‘बालसंगोपन’च्या दोन बोटं अलीकडे एक कार्ड उभं होतं: ‘बहिरेपण – लहान मुलांचे’. दोन बोटं म्हणजे तुमच्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटवा, तेवढं अंतर. रंगाऱ्याचा अंगठा ‘बाल’वर टेकायचा आणि तिथून मागे, मागे जायचा. बालआहार, बालगीते, बालसंगोपन, बालस्वभाव. त्या कार्डांच्या कडा त्याच्या निळ्या अंगठ्याने मळत गेल्या. अलीकडचं ते एक कार्ड मात्र छापखान्यातून आल्यासारखं कोरं.

मी धडपडलो नाही असं समजू नका. हवा दमट असली की लाकूड फुगतं, एवढीच एक विद्या मला येते. एका दमट दिवशी ‘ब’चा खण मी असा आवळून धरला, की तो जेमतेम दोन बोटं उघडला. नेमकं तेच कार्ड सगळ्यात पुढे दिसत होतं. रंगाऱ्याने ते पाहिलंसुद्धा नाही. त्याने कडीला दोन्ही हातांनी हिसका दिला, खण उघडला आणि अंगठा ‘बाल’वर गेला. माणूस जे शोधायला निघतो त्याच्या आड येणारं सगळं त्याला अडगळच वाटतं.

पुस्तकं तो मन लावून वाचायचा. माणूस आळशी नव्हता, कठोर तर नव्हताच. पण एका पुस्तकात लिहिलं होतं, मूल खुणेने मागत असेल तर देऊ नये. तोंडाने मागेपर्यंत थांबावं, मग ते वळणावर येतं. पुस्तक खोटं नव्हतं. ते दुसऱ्याच कुणाच्या मुलासाठी लिहिलेलं होतं.

दालनाच्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. उन्हातून आलेल्या ठकीने बापाचा शर्ट ओढून नळाकडे बोट दाखवलं. रंगारी तिच्यासमोर उकिडवा बसला.

“पाणी म्हण.”

तिने पुन्हा बोट दाखवलं.

“पाणी म्हण, ठके. एकदा म्हण, की देतो.”

ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिने त्याच्या ओठांवर बोट ठेवलं आणि स्वतःच्या ओठांवर ठेवलं. रंगाऱ्याने तिचा हात हळूच बाजूला केला. “नाही. आज नाही. तोंडाने मागायचं.”

ठकी येऊन माझ्या कुशीला टेकली. रडण्याचा आवाज नाही, नुसतं पाणी गालावरून माझ्या लाकडावर. रंगारी कार्डं चाळत होता, पण एकही वाचत नव्हता, ते मला बोटांवरून कळत होतं. जाताना तो नळाशी थांबला, घोटभर पाणी ओंजळीत घेतलं आणि न पिता सोडून दिलं. तिला नाही तर मलाही नको, असं काहीसं असावं. दोघंही तहानेलेलीच बाहेर पडली. त्या दिवशी मला कपाट असण्याची शिसारी आली.

असे किती दिवस गेले कुणास ठाऊक. बालवाडीतून तिला काढलं. आता रंगारी काम नसेल त्या दिवशी तिला सकाळीच घेऊन यायचा.

एका सकाळी दालनात फारसं कुणी नव्हतं. ठकी गाल टेकवून माझ्याशी उभी, आणि रंगारी खण उघडून-लावून दमलेला. त्याने एक खण जरा जोरात लावला. बाजूने खुदकन हसू आलं. त्याने वाकून पाहिलं. पुन्हा खण लावला. पुन्हा हसू.

“ऐकतेस होय गं लबाडे?” तो म्हणाला. त्याचं तोंड एकदम उजळलं. त्याने आणखी दोनदा खण वाजवला आणि दोघं बापलेक हसली.

मग ठकी दोन पावलं मागे सरली, फरशीवरची मुंगी बघायला. रंगाऱ्याने खेळ चालू ठेवण्यासाठी खण धाडकन लावला.

काही नाही.

त्याने परत लावला. मग म्हणाला, “ठके.” मग जरा मोठ्याने. मग तिच्या डोक्यामागे दोन्ही हातांनी टाळी वाजवली. मुंगी चालली होती आणि ठकी तिच्याबरोबर चालली होती.

रंगाऱ्याने तिला उचललं, तिचा गाल माझ्या कुशीला लावला आणि खण आपटला. हसली. तिला दूर धरून आपटला. काही नाही. पुन्हा लाकडाला लावलं, हसली. पुन्हा दूर. तो थांबेचना. वाचणारे “शूऽऽ” करू लागले तरी त्याला भान नव्हतं. शेवटी त्याने तिला खाली ठेवून, तिच्या मागे आमच्या दगडी फरशीवर पाय आपटून पाहिला. ती वळली नाही, आणि तो तिच्याकडे बघत उभा राहिला.

त्याच्या घरची जमीन लाकडी फळ्यांची होती. दार आपटलं की फळ्या थरथरायच्या.

तो खिडकीशी गेला. एका हाताने ठकीला इतकी घट्ट धरली होती, की ती चुळबुळ करत होती.

“मला ते... कशात बघायचं असतं ते...”

“काय हवंय?” चिठ्ठीवाल्याने विचारलं.

“तेच कळत नाही हो. ही माझी मुलगी. मी इतके दिवस भलतंच...”

मागे दोन वाचक चिठ्ठ्या घेऊन उभे होते. आतल्या दारात साहेब येऊन थांबले होते. चिठ्ठीवाल्याने एकदा साहेबांकडे पाहिलं आणि कोरी चिठ्ठी पुढे सरकवली. “विषय लिहा, नंबर लिहा. मी लगेच काढून देतो.”

रंगाऱ्याने पेन उचललं. शब्द त्याला आता ठाऊक होता. पण तो लिहिला की खरा झाला असता. पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं, खाली शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. मग पेन ठेवून तो मुलीला घेऊन निघून गेला. चिठ्ठीवाल्याने मान हलवली आणि पुढच्याची चिठ्ठी घेतली.

बाई असत्या तर, असं मी त्या दिवशी फार वेळा म्हटलं. असत्या तर खण निसटला त्याच दिवशी सुया खाली ठेवून उठल्या असत्या. पण जरतरच्या गोष्टींनी कुणाचं पोट भरत नाही.

मग बरेच महिने तो दिसला नाही. एव्हाना दालनात कॉम्प्युटर आला होता आणि माझ्याकडे येणारे निम्म्याने घटले होते. रंगारी आला तेव्हा ठकी उंच झाली होती. तिच्या कानामागे काहीतरी छोटंसं लावलेलं होतं आणि तिचा हात सारखा तिकडे जात होता. नवं, नुकतंच बसवलेलं. चिठ्ठीवाल्याशी तो दोन वाक्यं बोलला, तेवढीच मला कळली. “डॉक्टर म्हणाले, बोलेल. पण फार उशिरा आणलंत म्हणाले. जी वर्षं भाषा शिकायची होती ती गेली, आता वाट लांबची आहे.”

कॉम्प्युटर सोडून तो माझ्याकडेच आला. सवय असते माणसाला. ‘ब’चा खण ओढला आणि या वेळी पहिल्या कार्डापासून सुरुवात केली. ते कार्ड सापडायला त्याला काहीच वेळ लागला नाही.

तो कार्डाकडे बघत राहिला. मग त्याच्या पलीकडे सुरू होणाऱ्या, निळ्या अंगठ्याने मळलेल्या कडांकडे. त्या खुणा त्याच्याच होत्या, दुसऱ्या कुणाच्या असणार? त्याने आपली दोन बोटं मधल्या फटीत घालून पाहिली. बरोबर मावली.

“इथंच होतं की,” तो म्हणाला. कुणालाच उद्देशून नाही. “हिला मी पाणी दिलं नाही, आणि हे इथंच होतं.”

होतं रे बाबा. इथंच होतं. मी काय करू?

त्याने नंबर लिहून चिठ्ठी खिडकीत दिली आणि परत येऊन खण लावला. मुद्दाम नाही, पण हात जड झाला होता. खण दणकन बसला.

ठकी माझ्यापासून चांगली लांब उभी होती. ती दचकली. अंग चोरून तिने इकडे तिकडे पाहिलं. हे काय आलं, कुठून आलं, तिला समजेना. मग तिची नजर माझ्यावर आली. रंगाऱ्याने ते पाहिलं. त्याने श्वास रोखून खण उघडला आणि पुन्हा लावला.

ठकी किंचाळली. भीती की आनंद, मला आजही सांगता येणार नाही, दोन्ही असावं. केवढा तो आवाज. आजवर आत साठलेला सगळा एकदम बाहेर आल्यासारखा. आपला आवाज आपल्यालाच ऐकू आला म्हणून ती आणखी चकित झाली आणि आणखी मोठ्याने किंचाळली. रंगारी हसत होता आणि डोळे पुसत होता आणि खण वाजवत होता.

दालन खवळलं. पुस्तकं आपटून मिटली गेली. “अहो, हे वाचनालय आहे,” तो चष्म्याचा म्हातारा म्हणाला. चिठ्ठीवाला खिडकी सोडून धावत आला. “बाहेर न्या हिला. आधी किती गुणाची होती, काय झालं हिला?”

“एवढं एकदा ओरडू द्या,” रंगारी हात जोडून म्हणाला. “फक्त आजच्या दिवस.”

“मला चालेल हो. पण साहेब आहेत आत. लोक वाचतायत.”

रंगाऱ्याने एकदा सगळ्या दालनाकडे पाहिलं. ज्यांनी ज्यांनी तिचं कौतुक केलं होतं ते सगळे कपाळाला आठ्या घालून बसले होते. त्याने ठकीला खांद्यावर घेतलं. ती त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे हात करून ओरडतच होती. दार लागलं, तरी जिन्यावर बराच वेळ तिचा आवाज ऐकू येत होता.

त्याने मागितलेलं पुस्तक इतक्यात आतून आलं. त्याने पहिल्यांदाच बरोबर मागितलेलं पुस्तक. ते खिडकीच्या फळीवर दिवसभर पडून राहिलं, आणि संध्याकाळी चिठ्ठीवाल्याने ते आत परत पाठवलं. त्यानंतर ती दोघं इकडे फिरकली नाहीत.

आता माझी पाळी आली आहे. कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे म्हणतात, आणि असेलही. माझी कार्डं काढून पोत्यांत भरली आहेत. रिकामे खण घेऊन मी दाराजवळ उभा आहे. न्यायला माणसं यायची आहेत. कुठे नेणार ते मला माहीत नाही. त्याचं मला फार दुःखही नाही. लाकडाला जागा कुठलीही चालते.

जीव अडकलाय तो भलतीकडेच. कॉम्प्युटरसमोर एक बाई बसली आहे. सकाळी आली तेव्हापासून. पाठच दिसते मला तिची. ती काहीतरी टाइप करते, थांबते, सगळं पुसून टाकते. पुन्हा दुसरं काही लिहिते, पुन्हा पुसते. मघाशी तिने पर्समधून रुमाल काढला. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. चिठ्ठीवाला चहा पितोय, साहेब आत फोनवर आहेत, बाकी सगळे शांतपणे वाचतायत.

ती बघा, पुन्हा पुसलं तिने. आता ती पर्स आवरतेय. उठेल आणि जाईल. मला हात नाहीत, तोंड नाही. तुम्हाला आहे. जा हो कुणीतरी, त्या खुर्चीवर बसा, आणि काय शोधताय म्हणून विचारू नका. झालंय काय, ते विचारा.